टेप घेऊन शोरूममध्ये: पहिल्या लक्झरी सेडानची आतली जागा कशी मोजतो

बडोद्यातल्या मराठी घरात पहिली लक्झरी सेडान घ्यायचा विषय निघाला की इंजिनाचं बोलणं लवकर आटोपतं आणि गाडी मागच्या सीटवर येऊन थांबते. आठवडाभर गोत्रीहून अलकापुरीला एकटा माणूस ती चालवणार असतो, पण सुट्टी लागली की त्याच गाडीत आई-बाबा, मुलं आणि बॅगा घालून पुणं गाठायचं असतं. या वर्गात जागेची अडचण खरीच आहे. आधीच्या साध्या सेडानच्या दुपटीहून जास्त पैसे मोजून मागे गुडघ्यांना तिच्यापेक्षा कमी जागा मिळाली, असं सहज घडतं. म्हणून आम्ही दोन-तीन गाड्या एकाच रीतीनं, एकाच क्रमानं मोजतो आणि मगच रंग, स्क्रीन, आवाज वगैरे बघतो.

सुरुवात घरीच, कागदावर होते. भारतातल्या ब्रोशरमध्ये जागेविषयी बहुधा दोनच आकडे असतात: व्हीलबेस आणि डिकीचे लिटर. मर्सिडीज ए-क्लास लिमोझिनचा व्हीलबेस २७२९ मिमी, बीएमडब्ल्यू २ सिरीज ग्रान कूपेचा २६७०, ऑडी ए४ चा २८२०, मर्सिडीज सी-क्लासचा २८६५. बीएमडब्ल्यू ३ सिरीजचा साधा अवतार २८५१ चा आणि भारतात २०२१ पासून मिळणारा लांब अवतार २९६१ चा. त्याच बजेटात टोयोटा कॅमरी घुटमळत असते, तिचा २८२५. लोक हे आकडे उतरत्या क्रमानं लावतात आणि सगळ्यात मोठा आकडा तो सगळ्यात ऐसपैस, असं धरून चालतात. इथेच पहिली गफलत होते.

व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर. त्यातलं किती माणसांच्या वाट्याला येतं हे इंजिन कसं बसवलंय यावर ठरतं. ए-क्लास, २ सिरीज ग्रान कूपे आणि कॅमरी यांत इंजिन आडवं आहे, त्यामुळे चालकाचे पाय पुढच्या चाकाच्या बरेच जवळ येतात. ३ सिरीज आणि सी-क्लासमध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं, आणि पुढच्या चाकांच्या रेषेमागे सरकवलेलं आहे. वजनाचा समतोल आणि वळणावरची पकड त्यामुळे सुरेख मिळते, पण व्हीलबेसचा एक मोठा तुकडा बॉनेटखाली खर्च होतो. हे डोळ्यांनी बघता येतं. गाडीच्या बाजूला उभं राहून पुढच्या चाकाच्या कमानीची मागची कड आणि पुढच्या दाराची पुढची कड यांच्यातलं अंतर टेपनं मोजा. ते जितकं जास्त, तितका व्हीलबेस आत बसणाऱ्यांपर्यंत पोचायच्या आधीच संपलेला असतो.

यातलं काही आकड्यांत बघायचं तर अमेरिकी बाजारातली पत्रकं उपयोगी पडतात, कारण तिथे कंपन्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे११०० या मानकानुसार पुढचा आणि मागचा लेगरूम, म्हणजे पायांची जागा, वेगवेगळा देतात. मोजणी माणसाच्या आकाराचं यंत्र सीटवर बसवून होते. घोट्यापासून नितंबाच्या सांध्यापर्यंतचं अंतर घेऊन त्यात २५४ मिमी मिळवतात. ए४ ला पुढे ४१.३ इंच, मागे ३५.७. साध्या ३ सिरीजला पुढे ४२.०, मागे ३५.२. एवढंच वाचून ए४ मागे अर्ध्या इंचानं मोठी असं वाटतं. पण बेरीज करा: ७७.० आणि ७७.२. म्हणजे दोन्ही गाड्यांत माणसांसाठीची एकूण लांबी जवळपास सारखी आहे, फक्त ती पुढच्या-मागच्यांत वेगळी वाटली आहे. मागच्या लेगरूमचा आकडा पुढची सीट कुठे धरली त्यावर हलतो, म्हणून एकटा मागचा आकडा आम्ही कधीच विचारात घेत नाही, नेहमी बेरीज घेतो.

याच हिशेबानं ए-क्लास सेडान ४१.८ अधिक ३३.९, म्हणजे ७५.७ इंच. तिचा व्हीलबेस साध्या ३ सिरीजपेक्षा १२२ मिमीनं कमी, पण माणसांची जागा फक्त दीड इंचानं, म्हणजे ३८ मिमीनं कमी. आणि कॅमरी ४२.१ अधिक ३८.०, म्हणजे ८०.१ इंच! व्हीलबेस ३ सिरीजपेक्षा २६ मिमीनं लहान असून जागा जवळजवळ तीन इंचांनी जास्त. आडव्या इंजिनाचा एवढा फरक पडतो. उलट बाजूनं ३ सिरीजच्या लांब अवताराचं बघा. व्हीलबेस ११० मिमीनं वाढला, पण कंपनीनं मागच्या प्रवाशाला जास्तीचा लेगरूम सांगितला तो ४३ मिमीचा. लांब झालेल्या मागच्या दारामुळे चढणं-उतरणं नक्की सुधारतं, पण ‘११० मिमी जास्त जागा’ हे शोरूममधलं वाक्य गुडघ्यांच्या बाबतीत खरं नाही.

परदेशी व्हिडिओ बघून मत बनवणाऱ्यांसाठी एक सूचना. चीनमधली ए-क्लास सेडान ‘एल’ नावाची, २७८९ मिमी व्हीलबेसची आहे. आपल्याकडच्या गाडीच्या नावात ‘लिमोझिन’ असलं तरी शरीर साध्या २७२९ चंच आहे. त्या व्हिडिओतली मांडी पसरून बसलेली माणसं आपल्या गाडीत तशी बसणार नाहीत.

आता शोरूम. कामाच्या दिवशी सकाळी जावं, आधी फोन करून जो व्हेरिअंट घ्यायचा तोच डेमोला आहे का ते विचारावं, आणि आत मोजमाप घेणार हेही सांगून ठेवावं. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. सोबत शिंप्याची १५० सेंमीची कापडी टेप, पाच मीटरची स्टीलची टेप, मास्किंग टेप, जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक, वही आणि घरातली सगळ्यात मोठी बॅग. केबिनमध्ये कापडी टेपच वापरायची. स्टीलच्या टेपची कड चकचकीत काळ्या पॅनेलवर एकदा घासली की ओरखडा राहतो. स्टीलची टेप फक्त डिकीसाठी आणि बाहेरून.

मागची जागा मोजण्याआधी पुढची सीट पक्की करणं हे सगळ्या कामाचं मूळ आहे. शोरूममध्ये पुढची सीट बहुतेक वेळा पुढे सरकवून आणि वर उचलून ठेवलेली असते, त्यामुळे मागे बसणाऱ्याला गुडघा आणि पाऊल दोन्ही मोकळे वाटतात. घरात गाडी चालवणारा सगळ्यात उंच माणूस आधी पुढे बसवायचा. उजव्या पायानं ब्रेक पूर्ण दाबलेला, तरी गुडघा किंचित वाकलेला. पाठ सीटला टेकलेली, मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात पोचतंय. मग सीट शक्य तितकी खाली, डोळ्यांसमोरचा रस्ता नीट दिसेल इतपतच वर. आता ब्रेक पेडलच्या मध्यापासून सीटची बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या खोबणीपर्यंतचं अंतर मोजा. १७० सेंमी उंचीच्या माणसाला ते साधारण ९० ते ९५ सेंमी येतं. वहीत लिहा आणि पुढच्या प्रत्येक गाडीत सीट त्याच अंतरावर आणा. सीट ज्यावर सरकते त्या रेलवरच्या खुणा किंवा ‘मधोमध’ असा अंदाज चालत नाही, कारण प्रत्येक गाडीच्या रेलची लांबी आणि सुरुवात वेगळी. पाठीचा कलही सारखा हवा. पाठ थोडी जरी मागे झुकली तरी मागच्या गुडघ्याजवळचे तीन-चार सेंमी जातात.

त्यानंतर मागे. गुडघ्याच्या उंचीवर पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या सीटच्या पाठीपर्यंत कापडी टेप ताणायची. तुमच्या अंगाला किती लागतं ते घरीच मोजून ठेवा: भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजा. ते उंचीच्या एक-तृतीयांशाहून जरासं जास्त भरतं, १७० सेंमीच्या माणसाला ५८-६० सेंमी. गाडीत त्याहून पाच सेंमी जास्त मिळाले तर गुडघा टेकत नाही. दहा मिळाले तर पाय हलवता येतात, आणि मुंबईपर्यंतच्या चारशे किलोमीटरात हे हलवता येणंच कामाला येतं. पुढच्या सीटची पाठ कठीण प्लास्टिकची आहे का मऊ आणि आत खोलगट, हेही हातानं चाचपून बघावं. खोलगट पाठ दोन-तीन सेंमी फुकट देते.

पण गुडघ्यासमोर बोट मावलं म्हणजे सीट चांगली, असं धरून बाहेर पडणाऱ्यांची पुढे फसगत होते. थकवा येतो तो मांडीखालून. दोन मापं घ्या. एक, बैठकीची लांबी: मागच्या खोबणीपासून पुढच्या कडेपर्यंत. दुसरं, त्या पुढच्या कडेची पायाखालच्या मजल्यापासूनची उंची, मॅट अंथरलेली असताना. माणसाचा गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंतचा भाग उंचीच्या सुमारे पाव असतो, म्हणजे १७० ला ४२-४३ सेंमी. बैठकीची कड ३२-३३ सेंमीवर असेल तर टाच मजल्यावर ठेवल्यावर गुडघे वर येतात, मांडी सीटवरून उचलली जाते आणि सगळा भार बुडावर पडतो. पाय पुढे पसरता आले तर मांडी पुन्हा टेकते, पण त्यासाठी पुढच्या सीटखाली पाऊल जायला हवं. म्हणून गुडघा, बैठकीची उंची आणि सीटखालची फट ही तिन्ही मापं एकमेकांत अडकलेली आहेत, त्यांतलं एकच सुटं बघून उपयोग नाही. छत बसकं ठेवायचं, तरी डोकं आपटू द्यायचं नाही, म्हणून बैठक खाली नेली जाते आणि त्याची किंमत मांडी मोजते. एंट्री लक्झरीतल्या छोट्या सेडानमध्ये हे जास्तच जाणवतं.

सीटखालच्या फटीत मोटर, वायरींचा जुडगा, मागच्यांसाठीची हवेची नळी, हे सगळं असतं. पुढची सीट अगदी खाली घेऊन, नेहमीचे बूट घालून पाऊल सरकवा. पायाचा चवडा पूर्ण जातो की फक्त बोटं? डाव्या आणि उजव्या सीटखाली हे वेगळं असू शकतं, दोन्हीकडे बघा. मग हाताचा पंजा आडवा धरून मांडी आणि बैठकीच्या पुढच्या कडेमध्ये सरकवून बघा. पंजा सहज गेला तर मांडीला आधार नाही. तसंच निदान पंधरा मिनिटं बसून राहायचं. पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक महागडी सीट मऊ आणि छानच लागते.

डोक्यावरची जागा बसून मोजतात, रिकाम्या सीटवर टेप उभी धरून नाही, कारण फोम दबतो. पाठ पूर्ण टेकवून, पुस्तक डोक्यावर आडवं ठेवून त्याच्या वरच्या बाजूपासून छतापर्यंत मोजायचं. टेप सरळ वर न धरता किंचित मागे झुकवायची. एसएईच्या पद्धतीतही रेषा उभ्यापासून ८ अंश मागे कललेली असते, कारण माणूस तसाच बसतो. २ सिरीज ग्रान कूपेसारख्या बसक्या, मागे उतरत जाणाऱ्या छताच्या गाडीत टेप सरळ धरली तर डोक्याच्या मागचा उतार मापात येतच नाही. सनरूफची चौकट छतातून खाली उतरलेली असते, तिची कड नेमकी कुठे संपते ते बोटानं चाचपा. डेमो गाडीला सनरूफ नसेल आणि घेणार त्या व्हेरिअंटला असेल, तर डेमोवरचं डोक्याचं माप खोडून टाका. दाराच्या बाजूला डोकं कलवूनही बघा, झोप लागल्यावर मान तिकडेच जाते. घरात कोणी अंबाडा घालत असेल तर हेडरेस्ट पुढे झुकलेला आहे का तेही. तो मागे होत नसेल तर मान सतत पुढे ढकलली जाते.

रुंदीचं थोडक्यात. खांद्याच्या उंचीवर एका दाराच्या पॅनेलपासून दुसऱ्यापर्यंत मोजा, पण तीन माणसं बसणार का याचा निकाल मधला बोगदा, म्हणजे मजल्यावरचा लांबट उंचवटा, देतो. ए४ भारतात पुढची चाकं ओढणारी गाडी असली तरी त्याच ढाच्यावर क्वाट्रो, म्हणजे चारही चाकं ओढणारी, गाडीही बनलेली आहे, त्यामुळे मधला उंचवटा मोठाच राहतो. ३ सिरीज आणि सी-क्लासमध्ये मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तिथून जातो. बोगद्याची उंची, रुंदी आणि मागच्या एसी कन्सोलचं टोक मधल्या जागेत किती पुढे आलंय, ही तीन मापं लिहा. मधल्या बैठकीवर बसून बघा, ती कडक आणि वर उचललेली असते. या वर्गातल्या बहुतेक गाड्या खऱ्या अर्थानं चार माणसांच्या आहेत. घरात रोजची पाच माणसं असतील तर हे आत्ताच मान्य करावं.

म्हाताऱ्या माणसांसाठी आतल्या जागेपेक्षा दाराची वाट मोठी. सपाट जागी गाडी उभी करून जमिनीपासून मागच्या बैठकीची उंची मोजा. घरातल्या जेवणाच्या खुर्चीची मोजा, साधारण ४५ सेंमी असते. दोन्ही उंच्या जवळपास सारख्या निघाल्या तरी गाडीतून उठणं जड जातं, कारण पाय आधी उंबऱ्यावरून बाहेर काढावे लागतात आणि डोकं छताच्या कडेखालून. उंबऱ्याची उंची आणि जाडी मोजा. दाराच्या खालच्या भागात, जिथे मागच्या चाकाची कमान आत शिरते, तिथे बैठकीची कड आणि पुढचा खांब यांच्यात पाऊल वळवायला किती जागा उरते ते बघा. ही फट छोट्या व्हीलबेसच्या गाड्यांत फारच अरुंद होते. गुडघे दुखणाऱ्या आईला नेसत्या साडीत, शक्य असेल तर नऊवारीतच, दोनदा चढ-उतार करायला सांगा. त्या वेळी कोणी हात देऊ नये. कशाला धरून त्या उठतात ते बघा, छताजवळचं हँडल हाताला येतं का, की त्या पुढच्या सीटचा हेडरेस्ट ओढतात. शोरूममध्ये दार पूर्ण उघडतं. रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात रस्त्याकडेला गाडी लावली की ते अर्धंच उघडणार आहे. म्हणून दार पहिल्या खटक्यावर थांबवूनही एकदा चढून बघा.

डिकी. छापलेले लिटर युरोपीय पद्धतीत २०० × १०० × ५० मिमीच्या, एकेक लिटरच्या ठोकळ्यांनी मोजतात. ठोकळे कोनाकोपऱ्यांत शिरतात, बॅग शिरत नाही. २ सिरीज ग्रान कूपे ४३० लिटर, सी-क्लास ४५५, ए४ ४६०. हे फरक कागदावरचे आहेत. खरी मापं पाच: मजल्याची लांबी, चाकांच्या कमानींमधली सगळ्यात अरुंद रुंदी, मजल्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतची उंची, तोंडाची उंची-रुंदी, आणि जमिनीपासून उंबरठा. सेडानच्या डिकीचं तोंड आतल्या पोकळीपेक्षा नेहमी लहान, त्यामुळे सुमारे ७५ सेंमीची मोठी बॅग आत मावते पण तोंडातून जात नाही, असा प्रकार होतो. झाकण बंद होताना त्याचे वाकडे दांडे आत कुठपर्यंत येतात तेही बघा, बॅगेचा कोपरा तिथेच चेपतो. घरची बॅग नेलेली असते ती याचसाठी. बडोद्यात गाण्याचं घर असेल तर तानपुऱ्याची लांबीही लिहून न्या. तो डिकीत आडवा जात नाही, मागच्या सीटची पाठ पडते का आणि पडल्यावरची खिडकी किती मोठी, यावर त्याचं ठरतं.

स्टेपनी स्वतंत्रपणे विचारावी लागते. टायरमधल्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर ट्यूबलेस टायरच्या गाडीला स्टेपनीची सक्ती २०२० च्या नियमबदलानंतर राहिलेली नाही. तरी इथल्या रस्त्यांसाठी ती हवी असते, आणि मजल्याखाली खळगा नसेल तर ती डिकीच्या मजल्यावरच बसते. मग छापलेल्या लिटरमधला मोठा हिस्सा जातो आणि बॅगा आडव्याऐवजी उभ्या लावाव्या लागतात. डेमो गाडीत स्टेपनी काढून ठेवलेली असते, ती आणून ठेवायला सांगा आणि मगच बॅगा भरा.

टेस्ट ड्राइव्हमध्ये एक फेरी मागे बसून करायची, चौघं बसलेली असताना. वासणा रोडवरच्या गतिरोधकांवर डोकं छताच्या किती जवळ जातं, भरल्या गाडीचं पोट घासतं का, हे रिकाम्या गाडीत कळत नाही. फेरी मे महिन्यातल्या दुपारी झाली तर आणखी चांगलं. बारीक खिडक्या आणि काळं छत असलेली केबिन मापापेक्षा लहान वाटते, आणि मागच्या एसीची हवा चेहऱ्यापर्यंत पोचते की गुडघ्यावरच विरते, तेही तेव्हाच कळतं.

वहीत शेवटी प्रत्येक गाडीच्या नावाखाली दहा-बारा आकडे जमतात. बेरीज करून गुण देण्यात अर्थ नाही. घरात कोण कुठे बसणार ते लिहा आणि त्या माणसाच्या अंगाच्या मापाशी त्या जागेचं माप ताडून बघा. उंच चालकामागे उंच मुलगा बसणार असेल तर पाठीपासून पाठीपर्यंतचं माप निर्णायक. आजी बसणार असतील तर बैठकीची उंची आणि दाराखालची फट. दोघंच राहत असाल तर ए-क्लास किंवा २ सिरीजची मागची सीट अडवायचं कारण नाही, तिथे पुढच्या सीटवरच वेळ घालवा.

बुकिंग करताना ऑर्डरच्या कागदावर व्हेरिअंट, सनरूफ आहे की नाही आणि स्टेपनी कुठे बसणार हे लिहून घ्या. नोंदणी व्हायच्या आधी गाडी बघायला बोलावतात, तेव्हा पुढची सीट वहीतल्या अंतरावर आणून पाठीपासून पाठीपर्यंतचं माप आणि स्टेपनी ठेवलेल्या डिकीची उंची, एवढं दोन्ही पुन्हा घ्या.